सराउंड सिस्टिममध्ये स्टिरिओ डॅक बसवताना : जानेवारी ते जून २०२४

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पाच स्पीकर, खर्जासाठीचा वेगळा स्पीकर म्हणजे एक सबवूफर आणि या सगळ्यांना आवाज पुरवणारा एक एव्ही रिसीव्हर अशी ५.१ सराउंड सिस्टिम आहे. चित्रपटांच्या बाबतीत तिच्याविषयी माझी कधीच तक्रार नव्हती. संगीत ऐकताना मात्र दोन गोष्टी सतत खटकत. वडिलांच्या संग्रहातल्या सीडी मी फ्लॅक (गुणवत्ता न घटवता साठवलेल्या) फायलींच्या रूपात संगणकावर उतरवून ठेवल्या आहेत, आणि त्या रिसीव्हरपर्यंत पोचवायला एचडीएमआयखेरीज दुसरा मार्ग नसल्यामुळे तासाभराचा ख्याल ऐकायचा झाला तरी टीव्ही चालू ठेवावा लागे. दुसरी गोष्ट जुन्या नाट्यसंगीताची. आमच्या संग्रहातली ती बहुतेक ध्वनिमुद्रणे मोनो आहेत. दोन चॅनेलचा आवाज पाच स्पीकरांत पसरवणारा मोड डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये जे समान असेल ते मधल्या स्पीकरकडे पाठवतो, त्यामुळे संपूर्ण गाणे टीव्हीखालच्या त्या लहानशा स्पीकरमधून येते आणि बाजूचे दोन मोठे स्पीकर गप्प बसतात. या दुसऱ्या अडचणीवरचा उपाय फुकट आहे, तो आधीच सांगते : रिमोटवरून स्टिरिओ मोड निवडावा. बरेच रिसीव्हर प्रत्येक इनपुटसाठी निवडलेला मोड लक्षात ठेवतात, म्हणून संगीतासाठी एक इनपुट राखून ठेवले की काम होते.

पहिल्या अडचणीसाठी जानेवारी २०२४ मध्ये मी वेगळा स्टिरिओ डॅक घेण्याचे ठरवले. आवाजही सुधारेल अशी आशा होतीच. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचे अ‍ॅनालॉग विद्युतलहरीत रूपांतर करणारे उपकरण. ते प्रत्येक सराउंड रिसीव्हरमध्ये सर्व चॅनेलसाठी आधीपासून असतेच, त्यामुळे बाहेरचा डॅक नेमका कुठे बसणार आणि त्याच्या आवाजाचे पुढे काय होणार, हे खरेदीपूर्वी कागदावर काढून पाहणे आवश्यक होते. मी रिसीव्हरची माहितीपुस्तिका घेऊन बसले. त्या वाचनातून जे कळले ते या सगळ्या अनुभवात मला सर्वांत मोलाचे वाटते.

डॅकमधून निघालेला अ‍ॅनालॉग आवाज आपण लाल-पांढऱ्या आरसीए केबलने रिसीव्हरच्या सीडी इनपुटला देतो. रिसीव्हरला मात्र सबवूफरकडे खर्ज वळवणे, स्पीकरांच्या अंतरानुसार आवाज किंचित उशिरा सोडणे आणि खोलीनुसार आवाज दुरुस्त करणे ही कामे करायची असतात. ऑडिसी, डिराक किंवा यामाहाचे वायपाओ ही खोलीनुसार दुरुस्ती करणाऱ्या तंत्रांची परिचित नावे. ही सगळी कामे डिजिटल स्वरूपातच होतात. म्हणून रिसीव्हर आत आलेला अ‍ॅनालॉग आवाज पुन्हा डिजिटल करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि शेवटी स्वतःच्या डॅकमधून तो बाहेर काढतो. म्हणजे आपण हौसेने घेतलेल्या डॅकनंतर आणखी दोन रूपांतरे होतात आणि शेवटचा शब्द रिसीव्हरच्याच डॅकचा राहतो. हे टाळायचे असेल तर प्युअर डायरेक्ट किंवा तत्सम मोड लावावा लागतो. त्यात अ‍ॅनालॉग आवाज जसाच्या तसा पुढे जातो, पण माझ्या रिसीव्हरमध्ये त्याच क्षणी सबवूफर आणि खोलीनुसार होणारी दुरुस्ती दोन्ही बंद होतात.

यातला कोणता तोटा आपल्याला चालेल हे पैसे न घालवता तपासता येते, आणि ते प्रत्येकाने करावे असे मला मनापासून वाटते. घरात धूळ खात पडलेला एखादा डीव्हीडी प्लेअर घ्यावा, त्याचे लाल-पांढरे आउटपुट रिसीव्हरला जोडावे, ओळखीची सीडी लावावी आणि स्टिरिओ व प्युअर डायरेक्ट हे मोड आलटून पालटून ऐकावेत. प्युअर डायरेक्टमध्ये सबवूफर बंद पडला आणि खर्ज विस्कटला, तर हजारो रुपयांचा डॅक लावूनही त्या मोडमध्ये तेच घडणार. आमचा हॉल चौदा फूट लांब आहे. एवढ्या लांबीत सुमारे ४० हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट कंपनसंख्येला भिंतींमध्ये स्थिर लहर तयार होते. दुरुस्ती बंद केल्यावर डग्ग्याचा घुमारा लांबतो आणि पुढच्या मात्रेवर सांडतो, हे मला त्या जुन्या प्लेअरवरच ऐकू आले. तरीही संगणकापासून रिसीव्हरपर्यंतचा सोपा मार्ग हवाच होता, म्हणून खरेदी दोन टप्प्यांत करायचे ठरले : आधी डॅक, आणि गरज पटली तरच पुढचे काही.

मला हवा असलेला नग भारतातल्या विक्रेत्यांकडे तेव्हा शिल्लक नव्हता, म्हणून ५ फेब्रुवारीला तो थेट चीनमधून मागवला. किंमत सुमारे १२,४०० रुपये आणि कुरिअरचे वेगळे दीड हजार. त्या वर्षी चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला होते. त्या काळात तिथले कारखाने आणि गोदामे बंद असतात, त्यामुळे पार्सल निघायलाच महिना सरत आला. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यापर्यंत तिकडून काही मागवणाऱ्यांनी ही सुट्टी हिशेबात धरावी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पार्सल मुंबईत पोचले आणि केवायसीचा संदेश आला. आधार, पॅन, विक्रेत्याचे इन्व्हॉइस, पैसे भरल्याचा पुरावा म्हणून कार्डाच्या विवरणपत्राचे पान आणि वस्तू वैयक्तिक वापरासाठी आहे असे सही केलेले निवेदन, अशी कागदपत्रे मागितली गेली. अशा नावाने खोटे संदेशही पुष्कळ येतात, म्हणून संदेशातल्या दुव्यावर न जाता कुरिअरच्या संकेतस्थळावर स्वतः ट्रॅकिंग क्रमांक टाकून तिथूनच कागदपत्रे चढवावीत. इन्व्हॉइसवरचे नाव, पॅनवरचे नाव आणि पत्त्यावरचे नाव एकसारखे हवे. माझ्या इन्व्हॉइसवर माहेरचे आडनाव आणि पॅनवर सासरचे, त्यामुळे स्पष्टीकरणाचे एक पत्र जादा द्यावे लागले आणि पार्सल त्या पत्रासाठी थांबून राहिले. कस्टम्सची आकारणी केवळ वस्तूच्या किमतीवर होत नाही; तिच्यात वाहतूक आणि विमा मिळवतात, रुपयांत रूपांतर कस्टम्सने जाहीर केलेल्या दराने करतात, मग मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी लागतो. कुरिअरच्या हाताळणी फीसह हे सगळे मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास गेले, आणि डॅक हातात पडेपर्यंत एकूण खर्च सुमारे २०,५०० रुपये झाला. शुल्क भरल्याची पावती आणि बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या नोंदीच्या कागदाची) प्रत जपून ठेवावी. परदेशी खरेदीत बिघाड झाल्यास वस्तू स्वखर्चाने परत पाठवावी लागू शकते, हेही लक्षात घ्यावे. इथल्या दुकानात तोच नग दोन-तीन हजार जास्त देऊन जीएसटी बिलासह मिळत असेल, तर तो इथूनच घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

डॅक १४ मार्चला घरी आला. जोडणी साधी होती : संगणकाच्या यूएसबीमधून डॅक, डॅकच्या आरसीए आउटपुटमधून रिसीव्हरचे सीडी इनपुट. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या श्रेणीचा (क्लास २) ड्रायव्हर, म्हणजे असे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, अंतर्भूत आहे, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागले नाही. एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. संगणकाचा मिक्सर सगळा आवाज एकाच सँपल दरात (सेकंदाला किती नमुने, त्या दरात) बदलून पुढे पाठवतो, म्हणून प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये मिक्सर टाळणारा एक्स्क्लुझिव्ह मोड चालू करावा आणि सीडीवरून उतरवलेली फाइल वाजताना डॅकच्या पडद्यावर ४४.१ किलोहर्ट्झ दिसते आहे ना, हे पाहावे.

जोडल्याबरोबर स्पीकरमधून सौम्य पण सतत गुणगुण ऐकू येऊ लागली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि हा आवाज त्याच कुळातला होता. संगणक, रिसीव्हर आणि सेटटॉप बॉक्स हे तिघे वेगवेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडलेले असले की केबलच्या आवरणातून त्या वाटांमधला विद्युतप्रवाह फिरू लागतो आणि तोच आवाजात मिसळतो. शोधण्याची पद्धत सोपी आहे : एकेक केबल काढत जायची आणि कोणती काढल्यावर आवाज थांबतो ते पाहायचे. आमच्याकडे सेटटॉप बॉक्सची कोअ‍ॅक्स वायर काढल्यावर तो बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. अशा वेळी तीन पिनी प्लगची अर्थ पिन काढून टाका, असा सल्ला देणारे लोक भेटतात. तो सल्ला कधीही मानू नये. गुणगुण जाते, पण उपकरणात दोष निर्माण झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

मी परवानाधारक वायरमन बोलावला. त्याला हॉलमधल्या बोर्डच्या अर्थिंगबरोबर इमारतीच्या मीटररूममधले अर्थिंगही पाहायचे होते आणि मीटररूमची किल्ली सोसायटीच्या कार्यालयात असते. त्यासाठी सेक्रेटरींना लेखी अर्ज, त्यावर त्यांची सही, आणि होळीच्या सुट्ट्यांमुळे आणखी थोडी वाट, असे करत मार्च संपत आला. मीटररूममधले अर्थिंग व्यवस्थित होते. दोष आमच्या हॉलच्या बोर्डमध्येच निघाला. तिथली अर्थची तार सैल झालेली होती. ती घट्ट केली, संगणक, डॅक आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर घेतले, आणि पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलेला एक छोटा आयसोलेटर (विजेचा दुवा तोडून फक्त सिग्नल पुढे सोडणारा जोड) केबलच्या कोअ‍ॅक्स वायरीत बसवला. गुणगुण थांबली. वायरमनचे १,२०० रुपये झाले, आणि ते सगळ्या खर्चात मला सर्वांत रास्त वाटले, कारण सैल अर्थिंगचा प्रश्न केवळ संगीताचा नव्हता. ज्यांना यातून सुटका हवी असेल त्यांनी संगणकापासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे विजेचा दुवाच राहत नाही. ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ती सहसा बिनतक्रार नेते आणि सीडीसाठी त्याच्या निम्मे पुरेसे आहे.

टीव्हीची ऑप्टिकल केबलही मी डॅकला जोडून पाहिली. या केबलमधून एकतर दोन चॅनेलचा साधा, न दाबलेला पीसीएम आवाज जातो किंवा डॉल्बी डिजिटल, डीटीएस यांसारखा दाबलेला ५.१ आवाज. स्टिरिओ डॅकला त्यातला पहिलाच कळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' असेल तर चित्रपट सुरू होताच डॅकमधून शांतता किंवा खरखर येते, आणि डॅक बिघडला असे वाटून माणूस घाबरतो. सेटिंग 'पीसीएम' करावे. टीव्ही स्वतः दोन चॅनेल करून देतो. मात्र असे केले की त्या केबलपुरता सराउंड संपला. चित्रपटांचा आवाज एचडीएमआयवरून थेट रिसीव्हरलाच द्यायचा, हे मी तेव्हाच नक्की केले.

आता मुख्य प्रश्न : आवाज सुधारला का? दोन आवाजांत जो किंचित मोठा तो कानाला अधिक चांगला वाटतो, म्हणून पातळी जुळवल्याशिवाय केलेल्या तुलनेला अर्थ नाही. मी ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज वाजवला आणि साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवरचा एसी व्होल्टेज मोजला. स्वस्त मीटर सहसा ४०० हर्ट्झपर्यंतच विश्वासार्ह असतात, म्हणून हाच सूर निवडला. व्होल्टेजमधला १२ टक्के फरक म्हणजे एक डेसिबल. मी तो एका टक्क्याच्या आसपास आणला. रिसीव्हरचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, त्यामुळे शेवटची बारीक जुळवणी संगणकावरून करावी लागली. मोजताना मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये, अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. डॅकचे आउटपुट पूर्ण पातळीला साधारण दोन व्होल्ट असते आणि काही रिसीव्हरांच्या अ‍ॅनालॉग इनपुटला प्रक्रियेच्या मोडमध्ये एवढे झेपत नाही. जोरकस तानेत आवाज चिरका वाटल्यास डॅकची पातळी तीन-चार डेसिबल खाली घ्यावी.

मुलगा पडद्याआड बसून इनपुट बदलत होता आणि कोणते चालू आहे ते सांगत नव्हता. स्टिरिओ मोडमध्ये, म्हणजे रिसीव्हर सगळे पुन्हा डिजिटल करत असताना, बाहेरचा डॅक आणि एचडीएमआय यांतला फरक मला ओळखता आला नाही. माझी उत्तरे नुसत्या अंदाजाइतकीच बरोबर येत होती. कागदावरच्या आकृतीनेही हेच सांगितले होते. प्युअर डायरेक्टमध्ये फरक लगेच कळत होता, पण तो सबवूफर आणि खोलीनुसार होणारी दुरुस्ती नसण्याचा फरक होता; डॅकचे श्रेय त्यात वेगळे काढता येत नव्हते. तानपुऱ्याच्या जोडीचे स्वर मात्र त्या मोडमध्ये मला अधिक मोकळे वाटले, आणि त्या मोकळेपणासाठी पुढचा टप्पा गाठावासा वाटला.

तो टप्पा म्हणजे होम थिएटर बायपास असलेला स्टिरिओ इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे इनपुट निवडणारे आणि दोन चॅनेलचा आवाज वाढवणारे एकच यंत्र. रचना अशी : पुढचे दोन स्पीकर या अ‍ॅम्पला जोडायचे. संगीतासाठी डॅक सरळ अ‍ॅम्पला. रिसीव्हर बंद राहिला तरी चालतो. चित्रपटासाठी रिसीव्हरचे पुढच्या चॅनेलचे प्रीआउट (रिसीव्हरच्या अ‍ॅम्पआधीचे आउटपुट) अ‍ॅम्पच्या बायपास इनपुटला. त्या इनपुटवर अ‍ॅम्पची आवाजाची कळ निष्क्रिय होते आणि सगळे नियंत्रण रिसीव्हरकडे राहते. यासाठी रिसीव्हरच्या पाठीमागे पुढच्या दोन चॅनेलचे प्रीआउट असलेच पाहिजेत. स्वस्त रिसीव्हरांना अनेकदा फक्त सबवूफरचे असते, आणि तसे असल्यास हा मार्गच बंद होतो. बायपास नसलेला अ‍ॅम्प घेऊन त्याची कळ एका खुणेवर ठेवण्याची युक्ती काहीजण करतात. घरात मुले असतील तर मी ती करणार नाही, कारण कोणी ती कळ फिरवली की पुढच्या चित्रपटात स्पीकर फाटू शकतात.

९ एप्रिलला गुढीपाडवा होता. त्या आठवड्यात दुकानांत सवलती असतात, हे धरूनच मी थांबले होते. प्रदर्शनात ठेवलेला एक नग ३६,००० रुपयांना मिळाला, पूर्ण हमीपत्र आणि अनुक्रमांक लिहिलेल्या बिलासह. प्रदर्शनातला नग घेताना बिलावरचा आणि पेटीवरचा अनुक्रमांक दुकानातच ताडून पाहावा आणि हमी कोणत्या तारखेपासून धरली जाईल हे लिहून घ्यावे. माझ्या बिलावर ही तारीख लिहून घ्यायला मी दुकानात बराच वेळ थांबले, आणि ते आवश्यक होते.

अ‍ॅम्प बसवल्यावर रिसीव्हरचे रूम करेक्शन, म्हणजे खोलीनुसार दुरुस्तीचे मापन, माइक लावून पुन्हा चालवावे लागते, कारण पुढच्या दोन चॅनेलची आवाजवाढ आता वेगळ्या अ‍ॅम्पमधून होते आणि जुनी मापे निरुपयोगी ठरतात. ते मी एका रविवारी सकाळी, पंखे बंद करून केले. उरला सबवूफरचा प्रश्न. माझ्या सबवूफरला रिसीव्हरकडून खर्ज घेणाऱ्या एलएफई इनपुटखेरीज स्पीकरच्या तारेने जोडण्याचे हाय-लेव्हल इनपुटही आहे, आणि दोन्ही एकाच वेळी वापरता येतात असे त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. हे वाचल्याशिवाय दोन्ही जोडू नयेत. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून ती तार नेली आणि सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर तो वाजवतो ती सीमा, ५० हर्ट्झच्या जवळ ठेवला. चित्रपटाच्या वेळी खर्ज दोनदा जाईल अशी शंका येते. पण रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर 'स्मॉल' (म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे) आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ असा ठेवला, तर त्या तारेतून ८० च्या खालचे फारसे काही जातच नाही. संगीतासाठी योग्य पातळी सापडायला मे महिना गेला. सबवूफरची जागा हातभर बदलल्यावर डग्गा सर्वाधिक स्वच्छ झाला, आणि त्या बदलाने जेवढा फरक पडला तेवढा डॅकने एकट्याने पाडला नसता, असे माझे मत आहे.

चालू करताना आधी डॅक आणि रिसीव्हर, शेवटी अ‍ॅम्प. बंद करताना उलट क्रम. असे केले की स्पीकरमध्ये ठोका बसत नाही. दोघांना १२ व्होल्ट ट्रिगरची सोय असेल तर एका साध्या तारेने रिसीव्हरबरोबर अ‍ॅम्प आपोआप चालू होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे स्थिरावले. डॅक, अ‍ॅम्प, तीन हजारांच्या केबल व आयसोलेटर आणि वायरमन मिळून खर्च ६१,००० रुपयांच्या आत बसला. नुसता डॅक घेऊन थांबले असते तर टीव्ही बंद ठेवून ऐकण्याची सोय झाली असती. तेवढीच गरज असेल आणि रिसीव्हरला ऑप्टिकल इनपुट रिकामे असेल, तर संगणकाला काही हजारांचे यूएसबी-ते-ऑप्टिकल उपकरण लावूनही तेच साधते.

ओळखीच्यांपैकी काहींनी विचारले, की मग असेच आणखी दोन डॅक घेऊन पाचही चॅनेल बाहेरून का चालवू नयेत. रिसीव्हर प्रत्येक चॅनेलचा डिजिटल आवाज वेगळा बाहेर देत नाही, त्यामुळे तिथून हे शक्य नाही. संगणकावरून तीन वेगळे यूएसबी डॅक चालवले तर प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र असते. ती हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि पुढचे-मागचे आवाज जुळेनासे होतात. ज्यांना संगणकावरूनच सराउंड चालवायचे असेल त्यांनी एकाच घड्याळावर सहा किंवा आठ आउटपुट देणारा ऑडिओ इंटरफेस पाहावा. आमच्याकडे मधला आणि मागचे दोन स्पीकर रिसीव्हरवरच आहेत, आणि ते तिथून हलवण्याचे मला काही कारण दिसत नाही.